जुना झिऑन, नवा एपिक: सर्व्हर प्रोसेसरची तुलना नीट कशी करावी

सर्व्हर बदलायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "नवा किती पट वेगवान?" याचं एकच उत्तर नसतं. एका कोअरचा (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र गणकभागाचा) वेग, सगळ्या कोअरनी मिळून उरकलेलं काम, मेमरीतून सेकंदाला येणारा डेटा आणि एका युनिट विजेत होणारं काम हे चार वेगळे आकडे आहेत. एकाच जोडीत एक दीडपट येतो, दुसरा तिप्पट आणि तिसरा जेमतेम बरोबरीचा. आपल्या कामाला यांतला कोणता लागतो ते आधी ठरवायचं. मग तेवढा आकडा असा मोजायचा की त्यात डिस्क, रॅमची मांडणी, बायॉस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) यांची भेसळ राहणार नाही.

उदाहरणाला दोन खरी यंत्रं घेऊ. जुन्या बाजूला दोन सॉकेटचा, म्हणजे बोर्डवर दोन प्रोसेसर बसवलेला, इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४. हा २०१६ चा ब्रॉडवेल पिढीतला प्रोसेसर रिफर्बिश्ड बाजारात अजूनही भरपूर मिळतो. नव्या बाजूला एका सॉकेटचा, एएमडीचा एपिक ९३५४पी, नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या जेनोआ पिढीतला. तुमची जोडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, पायऱ्या याच राहतील.

मॉडेल नंबर वाचा, मग कागदावर गणित करा

ई५ मालिकेत शेवटचा व्ही१ ते व्ही४ हा भाग पिढी सांगतो: पहिली २०१२, व्ही२ २०१३, व्ही३ २०१४, व्ही४ २०१६. ई५-२६८० आणि ई५-२६८० व्ही४ यांच्यात नाव सोडलं तर फारसं काही समान नाही. पहिल्यात ८ कोअर आहेत, दुसऱ्यात १४. जुना सर्व्हर विकत घेताना विक्रेत्याने नुसतं "२६८०" लिहिलं असेल तर पिढी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. एपिकमध्ये शेवटचा आकडा पिढी दाखवतो: ७५५१ नेपल्स, ७७४२ रोम, ७७६३ मिलान, ९३५४ जेनोआ. शेवटी 'पी' असेल तर तो फक्त एका सॉकेटच्या बोर्डवर चालतो. 'एफ' असेल तर कोअरमागे वेग जास्त.

आता दोन्हींची मापं. ई५-२६८० व्ही४: १४ कोअर, २८ थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारी कामं), मूळ वेग २.४ आणि टर्बो (तात्पुरता वाढीव वेग) ३.३ गिगाहर्ट्‌झ, ३५ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी), १२० वॉट, डीडीआर४-२४०० चे ४ चॅनल, पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या ४० लेन. दोन सॉकेट म्हणजे वेग सोडून यातलं सगळं दुप्पट, पण दोन वेगळ्या ढिगांत. एपिक ९३५४पी: ३२ कोअर, ६४ थ्रेड, ३.२५ आणि ३.८ गिगाहर्ट्‌झ, २५६ एमबी एल३, २८० वॉट, डीडीआर५-४८०० चे १२ चॅनल, पीसीआय एक्सप्रेस ५.० च्या १२८ लेन.

मेमरीचं गणित सोपं आहे. एक चॅनल एका वेळी ८ बाइट नेतो. २४०० ला ८ ने गुणलं की चॅनलमागे १९.२ जीबी प्रति सेकंद. चार चॅनलचे ७६.८, दोन सॉकेटचे १५३.६. नव्या बाजूला चॅनलमागे ३८.४, बारा चॅनलचे ४६०.८. म्हणजे कागदावर बरोबर तिप्पट. घड्याळाच्या वेगात मात्र ३.३ वरून ३.८, फक्त १५ टक्क्यांची वाढ. एका कोअरचा वेग यापेक्षा जास्त वाढलेला दिसला तर ती वाढ एका आवर्तनात जास्त सूचना उरकल्यामुळे, म्हणजे आयपीसीमुळे झालेली असते. ती कागदावर लिहिलेली नसते, मोजावी लागते.

एल३ कॅशच्या २५६ एमबी या आकड्याला भुलू नका. हा प्रोसेसर आठ चिपलेटचा, म्हणजे जोडून बसवलेल्या आठ छोट्या चिपांचा आहे. प्रत्येक चिपलेटवर चार कोअर आणि ३२ एमबी कॅश. कोअर आपला डेटा आपल्याच चिपलेटच्या एल३ मध्ये ठेवतो. त्यामुळे एका थ्रेडच्या कामाला जुन्यात ३५ एमबी मिळत होती, नव्यात ३२ मिळते. खरा फरक एल२ मध्ये आहे: ब्रॉडवेलमध्ये कोअरमागे २५६ केबी, जेनोआत १ एमबी.

यंत्र कागदासारखं आहे का ते तपासा

सगळ्यात जास्त घोळ या पायरीला होतो, आणि बहुतेक लोक हीच गाळतात.

लिनक्सवर आधी एलएससीपीयू ही आज्ञा चालवा. सॉकेट किती, सॉकेटमागे कोअर किती, कोअरमागे थ्रेड एक की दोन, न्यूमा नोड (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी यांचा गट) किती, हे लिहून घ्या. कोअरमागे थ्रेड एकच दिसला तर बायॉसमध्ये हायपरथ्रेडिंग किंवा एसएमटी (एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय) बंद आहे. एल३ च्या ओळीत नव्या आवृत्तीत इन्स्टन्सची संख्याही येते. एपिकवर तिथे ८ दिसायला हवेत, जुन्या यंत्रावर २.

मग डीएमआयडीकोड या आज्ञेला टाइप १७ देऊन रॅमच्या स्लॉटची यादी काढा. प्रत्येक स्लॉटसाठी तीन गोष्टी बघायच्या: त्यात काडी (रॅमचं मॉड्यूल) आहे का, काडीचा मूळ वेग किती, आणि 'कन्फिगर्ड' वेग किती. दुसरा आणि तिसरा आकडा वेगळा असेल तर मेमरी मंद चालली आहे. ई५ व्ही४ मध्ये चॅनलमागे तीन काड्या बसवल्या की वेग २४०० च्या खाली जातो. जुन्या सर्व्हरमध्ये वर्षानुवर्षं रॅम वाढवत गेलेलं असतं, त्यामुळे हे हमखास सापडतं. वेगवेगळ्या वेगाच्या काड्यांची सरमिसळ झाली असेल तर सगळ्या काड्या सर्वांत मंद काडीच्या वेगाने धावतात.

नव्या यंत्रात उलटी चूक असते. कोटेशनमध्ये "२५६ जीबी रॅम" एवढंच लिहिलेलं असतं आणि विक्रेता ६४ जीबीच्या चार काड्या बसवून देतो. बारा चॅनलपैकी आठ रिकामे. चार गुणिले ३८.४ म्हणजे १५३.६ जीबी प्रति सेकंद, दोन सॉकेटच्या दहा वर्षं जुन्या यंत्राइतकेच. मेमरीवर भिस्त असलेल्या कामात मग "नवा सर्व्हर काही वेगवान नाही" अशी तक्रार येते आणि दोष प्रोसेसरवर ढकलला जातो. मागणीपत्रात एकूण जीबीबरोबर काड्यांची संख्याही लिहा: १२ गुणिले ३२ जीबी. ४ गुणिले ६४ हा तिला पर्याय नाही.

न्यूमासीटीएल या आज्ञेला हार्डवेअर हा पर्याय दिला की नोडांची यादी आणि त्यांच्यातली अंतरं दिसतात. कोणत्या क्रमांकाचा सीपीयू कोणत्या सॉकेटवर आहे हे इथूनच घ्या, अंदाजाने नको. काही बोर्डांवर ० ते १३ पहिल्या सॉकेटवर असतात. काहींवर सम क्रमांक पहिल्यावर आणि विषम दुसऱ्यावर. टास्कसेटला (काम ठरावीक सीपीयूंवर बांधणाऱ्या आज्ञेला) ० ते १३ देऊन "एक सॉकेट मोजला" असं समजलात आणि बोर्ड दुसऱ्या प्रकारचा निघाला, तर तुम्ही दोन्ही सॉकेटचे सात-सात कोअर मोजलेले असतील.

बायॉस आणि विजेची मांडणी

दोन्ही यंत्रांवर पॉवर प्रोफाइल 'परफॉर्मन्स' ठेवा. अनेक सर्व्हर कारखान्यातून 'बॅलन्स्ड' किंवा 'परफॉर्मन्स पर वॉट' असे येतात. टर्बो दोन्हीकडे चालू ठेवा. बंद करून केलेली तुलना शुद्ध वाटते, पण तसं यंत्र कोणीच चालवत नाही. एपिकमध्ये एनपीएस (सॉकेटमागे न्यूमा नोड किती) ही सेटिंग पहिल्या फेरीत १ वर ठेवा. एनपीएस ४ केलं तर एकच सॉकेट चार न्यूमा नोड दाखवतो. मेमरीच्या चाचणीत आकडा वाढतो, पण न्यूमाचं भान नसलेला प्रोग्राम अडखळतो.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सीपीयूपॉवर या आज्ञेने गव्हर्नर (वेग ठरवणारं धोरण) बघा आणि 'परफॉर्मन्स' करा. मग टर्बोस्टॅट (कोअरचा वेग दाखवणारं साधन) उघडं ठेवून काहीतरी जड काम चालवा. त्यातला 'बिझी मेगाहर्ट्‌झ' हा रकाना खरा वेग सांगतो, कारण 'अ‍ॅव्हरेज' रकान्यात रिकामा वेळही मिसळलेला असतो. ई५-२६८० व्ही४ चे सगळे कोअर कामाला लागल्यावर हा आकडा २.९ गिगाहर्ट्‌झच्या आसपास असावा. २.४ च्याही खाली गेला तर तापमान, एव्हीएक्स या जड गणिती सूचनांचा भार किंवा बायॉसमधली पॉवर मर्यादा यांपैकी काहीतरी आडवं येत आहे. जुन्या यंत्रात प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळलेली असते आणि हीटसिंकच्या पात्यांत धूळ भरलेली असते. मोजणीआधी पेस्ट बदलणं आणि ब्लोअर मारणं ही जुन्या पक्षाला दिलेली सूट नाही, न्यायाची गोष्ट आहे.

खोलीचं तापमानही नोंदवा. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी अशी वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची, म्हणजे अ‍ॅश्रेची शिफारस आहे. विदर्भात मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत एक यंत्र मोजलं आणि दुसरं डेटा सेंटरमध्ये, तर ती हवामानाची तुलना होईल.

सॉफ्टवेअर एकसारखं करा

जुन्या सर्व्हरवर सात वर्षांपूर्वी टाकलेली ऑपरेटिंग सिस्टिम आणि नव्यावर आजची, अशी तुलना करू नका. एकाच आवृत्तीची नवी डिस्क दोन्हीकडे टाका. उबंटू २२.०४ किंवा त्यापुढचं काहीही चालेल. कर्नल, कंपायलर, लायब्ररी तंतोतंत त्याच.

कंपायलरबाबत एक बारकावा. जीसीसीला 'मार्च नेटिव्ह' सांगितलं की तो त्या यंत्रासाठी खास कोड बनवतो, पण जुन्या जीसीसीला जेनोआची ओळख नसते. त्यासाठी लागणारा झेन ४ चा (जेनोआच्या कोअर-रचनेचा) आधार नंतरच्या आवृत्त्यांत आला. म्हणून दोन बायनरी बनवा. एक दोघांना समान, 'एक्स८६-६४-व्ही३' या पातळीची, जी ब्रॉडवेल आणि जेनोआ दोन्ही चालवतात. दुसरी प्रत्येकाची नेटिव्ह. पहिलीतून कळतं की आहे ते सॉफ्टवेअर तसंच हलवलं तर काय मिळेल, दुसरीतून कळतं की पुन्हा कंपाइल केल्याचा किती फायदा. निर्णय पहिलीवर घ्या. ऑफिसात चालणारी बहुतेक सॉफ्टवेअर कोणी पुन्हा कंपाइल करत नाही.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा प्रश्न वेगळा. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षादोष जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाले, म्हणजे ई५ व्ही४ बाजारात आल्यानंतर. जुन्या यंत्राचे २०१६-१७ मधले गुण त्याआधीचे आहेत, आजचा कर्नल टाकल्यावर ते तसे येणार नाहीत. सिस्टिमच्या 'सीपीयू' फोल्डरखाली 'व्हल्नरेबिलिटीज' नावाचा फोल्डर असतो. त्यातल्या 'मेल्टडाउन' फाइलमध्ये ब्रॉडवेलवर पीटीआय (कर्नलची मेमरी वेगळी ठेवणारी दुरुस्ती) लागू असल्याचं दिसेल, एपिकवर 'नॉट अफेक्टेड'. याचा फटका सगळ्या कामांना सारखा बसत नाही. वारंवार कर्नलमध्ये ये-जा करणारी कामं, म्हणजे डेटाबेस, छोट्या फाइलींचा मारा, नेटवर्कचे लहान पॅकेट, जास्त मंदावतात. नुसती आकडेमोड जवळजवळ तशीच राहते. फरक कुठून आला हे शोधायला दुरुस्त्या बंद करून एक फेरी मारता येते, पण अहवालातला आकडा दुरुस्त्या चालू ठेवलेलाच हवा.

मोजणी: एका कोअरपासून सुरुवात

प्रत्येक चाचणी सहा वेळा चालवा, पहिली फेरी टाकून द्या, उरलेल्या पाचांचा मध्यक घ्या. पाचांतल्या सर्वांत मोठ्या आणि लहान आकड्यांत तीन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आकडा लिहू नका, आधी कारण शोधा. बहुधा पार्श्वभूमीला एखादं अपडेट चालू असतं किंवा थ्रेड एका सॉकेटवरून दुसऱ्यावर उड्या मारत असतो.

उड्या थांबवायला न्यूमासीटीएलला सीपीयू-नोड-बाइंड आणि मेम-बाइंड हे दोन्ही पर्याय एकाच नोडचे द्या. नुसता सीपीयू बांधला आणि मेमरी मोकळी ठेवली तर डेटा दुसऱ्या सॉकेटच्या रॅममध्ये पडू शकतो, आणि मग दोन सॉकेटमधल्या क्यूपीआय दुव्याचा वेग तुमच्या आकड्यात शिरतो.

काय चालवायचं? सेव्हन-झिपची 'बी' आज्ञा सोपी आणि उपयोगाची आहे. कॉम्प्रेशनचा भाग कॅश आणि मेमरीच्या विलंबावर जास्त अवलंबून असतो, डीकॉम्प्रेशनचा भाग पूर्णांकी गणित आणि ब्रँचच्या (कोडमधल्या फाट्यांच्या) अंदाजावर. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा, त्यांची सरासरी काढू नका. दुसरी चांगली चाचणी म्हणजे लिनक्स कर्नल कंपाइल करणं. एकच आवृत्ती, 'डेफकॉन्फिग' हीच मांडणी आणि सगळा सोर्स टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे रॅमवरच्या डिस्कवर. 'लोकलमॉडकॉन्फिग' वापरू नका. ते त्या-त्या यंत्रातल्या हार्डवेअरप्रमाणे वेगळी यादी बनवतं आणि दोन यंत्रं दोन वेगळी कामं करत बसतात.

सिसबेंचची सीपीयू चाचणी सगळे चालवतात, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर. ती मूळ संख्या शोधते आणि त्यासाठी ६४ बिटी भागाकार पुन्हा पुन्हा करते. ब्रॉडवेलमध्ये हा भागाकार फार मंद होता, नंतरच्या पिढ्यांत तो कित्येक पट सुधारला. त्यामुळे ही चाचणी मुख्यतः एका सूचनेची प्रगती मोजते आणि नव्या प्रोसेसरला अवाच्या सवा गुण देते. शिवाय ०.४ आवृत्ती ठरावीक काम करून लागलेला वेळ सांगते, तर १.० आवृत्ती दहा सेकंदांत किती फेऱ्या झाल्या ते सांगते. जुन्या टिपणांतले आकडे नव्याशी जोडू नका. आणि थ्रेड सांगितले नाहीत तर ती एकाच थ्रेडवर चालते, मग यंत्रात ३२ कोअर असोत की दोन.

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या 'स्पीड' चाचणीत अशीच गंमत आहे. एईएस एन्क्रिप्शनच्या सूचना दोघांकडे आहेत, पण एसएचए चेकसमसाठीच्या सूचना ब्रॉडवेलमध्ये नाहीत, जेनोआत आहेत. एसएचए-२५६ चा फरक म्हणून प्रचंड दिसतो. तुमचं काम दिवसभर चेकसम काढण्याचं असेल तर तो फरक खरा आहे, नाहीतर शोभेचा. १.१ आवृत्तीत 'ईव्हीपी' हा पर्याय न देता एईएस मोजलं तर हार्डवेअरच्या सूचना वापरल्याच जात नाहीत. ३.० मध्ये हा भेद राहिला नाही. म्हणून आवृत्ती दोन्हीकडे एकच हवी.

प्रत्येक फेरी 'पर्फ स्टॅट' या प्रोसेसरचे काउंटर वाचणाऱ्या आज्ञेखाली चालवा आणि आवर्तनं व सूचना दोन्ही नोंदवा. सूचनांना आवर्तनांनी भागलं की आयपीसी. यातून वाढीचे दोन तुकडे पाडता येतात: किती घड्याळामुळे, किती रचनेमुळे. व्हर्च्युअल मशीनमध्ये हे काउंटर बऱ्याचदा उपलब्ध नसतात, म्हणून हा भाग थेट हार्डवेअरवर करा.

अंदाजाला एक मोजपट्टी: या जोडीत सर्वसाधारण पूर्णांकी कामात एका कोअरचा फरक दीडपटीहून कमी आला तर आधी मांडणीत चूक शोधा. तिपटीहून जास्त आला तर चाचणी एखाद्या विशिष्ट सूचनेवर बेतलेली आहे का ते बघा.

थ्रेड वाढवत जा

तीच चाचणी जुन्यावर १, २, ४, ८, १४, २८, ५६ आणि नव्यावर १, २, ४, ८, १६, ३२, ६४ थ्रेडवर चालवा आणि आलेख काढा. जुन्याचा आलेख दोन ठिकाणी वाकतो: १४ नंतर, कारण दुसरा सॉकेट सुरू होतो, आणि २८ नंतर, कारण नवे कोअर संपून हायपरथ्रेडिंग उरतं. शेवटच्या टप्प्यात थ्रेड दुप्पट होतात, काम दुप्पट होत नाही. म्हणून "५६ विरुद्ध ६४ थ्रेड, फरक फारसा नाही" हा हिशोब चुकीचा.

नव्यावर चार थ्रेडची फेरी दोनदा करा. एकदा चारही एकाच चिपलेटवर बांधून, एकदा चार वेगळ्या चिपलेटवर. थ्रेड एकमेकांत सतत डेटा वाटत असतील तर पहिली मांडणी जिंकते. प्रत्येकाला स्वतंत्र कॅश हवी असेल तर दुसरी. आपल्या प्रोग्रामचा स्वभाव कळायला ही फेरी फार स्वस्त पडते.

मेमरीची चाचणी आणि तिचा सापळा

मेमरीच्या वेगासाठी स्ट्रीम हा छोटा प्रोग्राम वापरतात. तो तीन अ‍ॅरे घेतो आणि प्रत्येकाचा मूळ आकार १ कोटी घटकांचा असतो. घटक ८ बाइटचा, म्हणजे अ‍ॅरेमागे ८ कोटी बाइट, तिन्ही मिळून सुमारे २२९ एमबी. एपिक ९३५४ ची एल३ कॅश २५६ एमबी! मूळ आकार ठेवला तर सगळा डेटा कॅशमध्येच मावतो आणि मेमरीच्या कागदी मर्यादेच्याही वरचा आकडा येऊ शकतो. स्ट्रीमचा नियम असा की प्रत्येक अ‍ॅरे एकूण शेवटच्या पातळीच्या कॅशच्या चौपट हवा. इथे तो १ जीबी होतो, म्हणजे साडेतेरा कोटी घटक. सरळ २० कोटी ठेवा आणि दोन्ही यंत्रांवर तोच आकडा वापरा.

एवढं केलं की कंपाइल करताना 'रिलोकेशन ट्रंकेटेड' अशी चूक येते, कारण स्थिर डेटा २ जीबीच्या पुढे गेला. 'एमसीमॉडेल मीडियम' हा पर्याय दिला की सुटते. ओपनएमपी (काम थ्रेडांत वाटण्याची सोय) चालू करा, थ्रेड कोअरला बांधा, कोअरमागे एकच थ्रेड ठेवा. 'ट्रायअ‍ॅड'चा आकडा लिहून घ्या. तो कागदी कमालीपेक्षा कमीच येणार. एक कारण असं की लिहिण्याआधी प्रोसेसर ती ओळ मेमरीतून वाचून घेतो आणि ते वाचन स्ट्रीम मोजत नाही. पण निम्म्याच्याही खाली आला तर रॅमच्या काड्यांकडे परत जा.

आपलं स्वतःचं काम

इथवरच्या चाचण्या निदानासाठी. निर्णय आपल्या कामावरच घ्यायचा. डेटाबेस असेल तर पोस्टग्रेसच्या पीजीबेंचने सुरुवात करा. स्केल १०० ठेवलं की खात्यांच्या तक्त्यात १ कोटी ओळी होतात आणि डेटाबेस दीड जीबीच्या आसपास. तो रॅममध्ये मावतो, म्हणून 'फक्त सिलेक्ट'ची फेरी प्रोसेसर दाखवते. स्केल १ वर ठेवून पन्नास क्लायंट सोडले तर सगळे एकाच शाखेच्या ओळीवर कुलपासाठी ताटकळतात आणि कोणताही प्रोसेसर मंद दिसतो. स्केल क्लायंटच्या संख्येहून कमी नको. लिहिण्याच्या फेरीत डिस्कचा संबंध येतोच. तेव्हा तोच एसएसडी दोन्हीकडे लावा. नव्यात एनव्हीएमई आणि जुन्यात साटा ठेवून आलेला फरक प्रोसेसरच्या खात्यात टाकू नका. क्लायंट शक्यतो तिसऱ्या यंत्रावरून चालवा.

सरासरीबरोबर ९५ व्या टक्क्याचा प्रतिसादकाळही लिहा. वापरणाऱ्याला सरासरी जाणवत नाही, महिनाअखेरीस अडकलेला रिपोर्ट जाणवतो.

छापील गुणांविषयी थोडक्यात

स्पेक सीपीयू या प्रमाणित चाचणीसंचाचे निकाल चाळणीसाठी चांगले. पण २००६ च्या संचाचे गुण २०१७ च्या संचाशी जुळत नाहीत, त्यांच्यात रूपांतराचं सूत्र नाही. 'रेट' म्हणजे सगळ्या कोअरचं एकत्र काम, 'स्पीड' म्हणजे एक काम किती लवकर. 'बेस'ची (सगळ्या चाचण्यांना समान कंपायलर मांडणी ठेवून काढलेल्या गुणाची) तुलना 'बेस'शीच. कंपायलरही बघा: २०२४ च्या सुरुवातीला स्पेकने इंटेलच्या कंपायलरने काढलेले २,६०० हून जास्त निकाल अग्राह्य ठरवले, कारण तो संचातल्या एका चाचणीलाच खास गती देत होता. निकालाच्या पानावर तशी सूचना छापलेली असते.

वीज

इथे टीडीपीवर (कंपनीने प्रोसेसरसाठी छापलेल्या वॉटवर) विसंबू नका. जुन्याचे दोन प्रोसेसर मिळून २४० वॉट, नव्याचा एक २८०, म्हणजे कागदावर नवाच खादाड. भिंतीच्या प्लगवर मीटर लावा किंवा आयपीएमआय टूलला (सर्व्हरवर देखरेख ठेवणाऱ्या आज्ञेला) डीसीएमआय पॉवर रीडिंग विचारा. रेपलचे (प्रोसेसरच्या आतल्या वीजमोजणीचे) आकडे फक्त प्रोसेसर आणि फार तर मेमरीचे असतात. पंखे, डिस्क, पॉवर सप्लायची गळती त्यात नसते. तीन स्थिती मोजा: रिकामा, निम्मा भार, पूर्ण भार. मग पूर्ण भाराच्या कामाला वॉटने भागा.

रिकाम्या स्थितीतला आकडा अनेकांना चकवतो. एपिकमधला आयओचा (मेमरी आणि बाहेरची जोडणी सांभाळणारा) मोठा तुकडा आणि बारा चॅनलची मेमरी काम नसतानाही वीज घेतात. दिवसातले वीस तास झोपलेल्या छोट्या ऑफिसच्या फाइल सर्व्हरसाठी हे अपग्रेड विजेच्या हिशोबाने बहुधा बसत नाही. तीन-चार जुने एकात घालायचे असतील तर चित्र पालटतं. समजा तीन जुने मिळून सरासरी १,०५० वॉट घेतात आणि त्यांच्या जागी एक नवा ४५० वॉट. फरक ६०० वॉट, वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे ५,२५६ युनिट. १० रुपये दर धरला तर ५२,५६० रुपये. एवढी उष्णता बाहेर काढायला एसीला सुमारे एक तृतीयांश वीज लागते असं धरलं तर आणखी १७,५२० रुपये. हे वॉट आणि दर उदाहरणापुरते आहेत, त्यांच्या जागी आपल्या मीटरचे आणि बिलातले घाला.

लायसन्स आणि व्हर्च्युअल मशीन

कोअरवर पैसे घेणारं सॉफ्टवेअर असेल तर सगळा निर्णय उलटू शकतो. विंडोज सर्व्हरला यंत्रातल्या सर्व भौतिक कोअरचं लायसन्स लागतं, प्रोसेसरमागे किमान ८ आणि सर्व्हरमागे किमान १६. जुन्यात २८ कोअर आहेत, ९३५४पी मध्ये ३२. म्हणजे खर्च वाढतो. त्याऐवजी १६ कोअरचा ९१२४ किंवा जास्त वेगाचा ९१७४एफ घेतला तर जुन्यापेक्षाही १२ कोअरचं लायसन्स वाचतं. एसक्यूएल सर्व्हरच्या किमतीला ही बचत प्रोसेसरच्या किमतीहून मोठी असू शकते. अशा ठिकाणी एका कोअरचा आकडाच पाहायचा, एकूण कामाचा दुय्यम.

व्हर्च्युअल मशीन हलवल्यावर वेग वाढला नाही तर आधी त्या व्हीएमचा सीपीयू प्रकार बघा. प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सिस्टिमच्या जुन्या आवृत्त्यांत तो केव्हीएम६४ असायचा. त्यात पाहुण्या सिस्टिमला एईएस आणि एव्हीएक्स दिसतच नाहीत, खाली कितीही नवा प्रोसेसर असला तरी. एकटाच सर्व्हर असेल तर 'होस्ट' करा. वेगवेगळ्या पिढ्यांचा क्लस्टर असेल तर सगळ्यांना पेलेल अशी पातळी निवडा. इंटेलवरून एएमडीवर चालू व्हीएम हलवण्याचा भरवसा धरू नका, बंद करून न्या.

ऑपरेटिंग सिस्टिमची पातळीही पाहून ठेवा. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ ला 'एक्स८६-६४'ची व्ही२ पातळी पुरते, १० ला व्ही३ लागते. ई५ च्या व्ही३ आणि व्ही४ पिढ्या त्यात बसतात, पहिली आणि व्ही२ बसत नाहीत. नावातला व्ही आणि पातळीतला व्ही वेगळे आहेत, खरेदीच्या वेळी यात हमखास गल्लत होते.

अहवालात आकड्यांच्या शेजारी बायॉसची आवृत्ती, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर), कर्नल, रॅमच्या काड्यांची मांडणी, गव्हर्नर आणि हवेचं तापमान लिहा. मायक्रोकोडचा क्रमांक सीपीयूइन्फोमध्ये मिळतो. सहा महिन्यांनी कोणी तीच चाचणी चालवून वेगळा आकडा काढला, तर आधी याच सहा नोंदी ताडून बघायच्या.